चेनचा ट्रॅक्टर कोणाला, चूक कोणाची

मी, खाली सही करणारा, वय एकोणतीस, शिक्षण सातवी, जुनी चेनची, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, यंत्रे शोधून दुरुस्त करणारा, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहून ठेवतो. मला आजार नाही. येत्या रविवारी मी दुरुस्त केलेला छोटा ट्रॅक्टर पहिल्यांदा उतारावर चढवणार आहे आणि उताराला मी घाबरतो, एवढेच कारण. ताई म्हणते, लोक या वयात लग्नपत्रिका छापतात. तिचे म्हणणे नोंदवले आहे.

१. घर माझे नाही. शेडची जागा भाड्याची, पत्रे माझे. ते काढण्याआधी शेजारच्या कबुतरवाल्याला सांगावे, त्याची खुराडी त्यांना टेकलेली आहेत.

२. बँकेत असेल ते आईला. तिने आधी डॉक्टरला गुडघे दाखवून यावे.

३. शब्दकोश ताईच्या मुलीला. डाग ग्रीसचे आहेत, पाने सगळी आहेत.

४. घण, चेन ब्लॉक आणि चेनखालचे रोलर ओढून काढायला मी बनवलेला पुलर समोरच्या वेल्डरला. तो माझ्या ट्रॅक्टरला लोखंडी म्हैस म्हणतो, पण काम चोख करतो. भंगारवाल्याला काहीही नाही. त्याने ट्रॅक्टरचे बॉनेट कापून विकले आणि मला सांगितले, गंजून गळून पडले. त्याला शेडच्या दारातही उभे करू नये.

५. ट्रॅक्टर मामांना, म्हणजे आईच्या भावाला. तो मला बागेच्या टोकाला झुडपात अचानक सापडला असे मी सर्वांना सांगितले. ते खोटे आहे. तो कुठे पडलाय हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. आठ वर्षांपूर्वी बागमालकाने तो मामांकडे दुरुस्तीला दिला होता. मामा फिटर, मी त्यांच्या हाताखाली. चेनची दोन टोके एका पिनेने जोडतात आणि पिन सरकू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक खीळ घालतात. डाव्या चेनची खीळ मी घातली नाही. जेवायची हाक आली, उठलो, विसरलो. तिसऱ्या दिवशी उतारावर वळताना चेन उतरली, ट्रॅक्टर चरात गेला, चालवणाऱ्याचा पाय मोडला. लोक म्हणाले, फिटरची नजर गेली. मामा मला म्हणाले, "शेवटचा हात माझाच फिरला होता रे." मी गप्प बसलो. त्यांनी काम सोडले आणि कात्र्यांना धार लावू लागले. ट्रॅक्टर तिथेच गंजला, चेनमधून झाड उगवले. बागमालकाकडून तो भंगाराच्या भावात घेऊन, झाड कापून, रोलर महिना महिना डिझेलमध्ये भिजवून, मी पाच वर्षांत तो उभा केला. चूक माझी होती, हे सर्वांसमोर वाचून दाखवावे.

६. हे कलम आज वाढवले. मी मरेपर्यंत मामांनी वाट का पाहावी, असे वाटून पाचवे कलम त्यांना घरी जाऊन वाचून दाखवले. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावून स्वतः दोनदा वाचला. मग म्हणाले, "आठ वर्षं मी गॅस बंद केला का ते तीनतीनदा उठून बघतोय. मामी हसते मला." साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी पेन मागितले. मी सांगितले, वकिलाचा कारकून म्हणतो की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केलीत तर ट्रॅक्टर जाईल.

"जाऊ दे. हे मी वाचलंय, एवढं कागदावर राहू दे. आणि रविवारी दोन्ही चेन मी उघडून बघितल्याशिवाय सीटवर बसायचं नाही, गाढवा."

म्हणून ट्रॅक्टर आता त्या चालवणाऱ्याला, त्याची हरकत नसेल तर. रविवारी वाचलो तर सोमवारी मी आणि मामा त्याच्याकडे जाऊन सगळे सांगणार आहोत.

ठिकाण: मामांचे स्वयंपाकघर. शुक्रवार, तारीख चौदा.

लिहून देणार: सही.

साक्षीदार पहिला: सही. नाते मामा. व्यवसाय, धार लावणे (खोडले), फिटर.

साक्षीदार दुसरा: सही. शेडचा शेजारी, कबुतरवाला, सहीसाठी बोलावून आणलेला.

पहिल्या साक्षीदाराच्या व्यवसायापुढची खाडाखोड त्यांनी स्वतःच्या हाताने, माझ्यासमोर केली आहे. ती मला मान्य आहे.