पेल्यावरचं खरवडलेलं नाव

मोबील, अलाबामा
४ मार्च १९९६

प्रिय नोरीन,

पायांची सूज उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. मीठ अजून कमीच खा. माझं बरं चाललंय. अंगणातली अझेलिया यंदा लवकर फुलली. फादर रूनी गुडघ्यांमुळे हल्ली बसूनच प्रवचन देतात, त्यामुळे मागच्या बाकांवरच्या मंडळींची झोपेची चांगली सोय झाली आहे.

मुलगी आहे हे वाचलं आणि स्वयंपाकघरात मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

नावाची मात्र इतकी घाई नको गं. आईचं माहेरचं आडनाव लेकीला ठेवायची आपल्याकडची रीत मला का ठाऊक नाही? माझ्याच वर्गात एक मर्सर होती, एक ब्लेक आणि एक सटन. हजेरी घेताना सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, "हा मुलींचा वर्ग आहे की वकिलांची कचेरी?" पण 'कॉरिगन' एवढ्याशा जिवाला जड वाटतं. शिवाय ते संताचं नाव नाही. लुसी, रेजिना, मोनिका अशी किती गोड नावं आहेत!

बाळासाठी तू मागितलेला आपल्या घरातला चांदीचा पेला मी शोधला. कुठे ठेवलाय ते आठवत नाही. वय झालं, दुसरं काय.

तुझी,
मार्सेला आत्या


१९ मार्च १९९६

नोरीन, बाळा,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. "बाबा गेले. कॉरिगन नाव पुढे नेणारं आता कुणीही उरलं नाही, आणि तू, त्यांची सख्खी बहीण, मला संतांची यादी पाठवतेस! आजोबांना बाबांनीच पायऱ्यांवरून ढकलून मारलं असं गाव अजून कुजबुजतं, म्हणून तुला त्या नावाची लाज वाटते ना? मला वाटत नाही. मी अख्ख्या गावासमोर लेकीला त्या नावाने हाक मारणार."

चांगलं झणझणीत लिहिलंस. एमेटला आवडलं असतं.

पेला हरवलेला नाही. मी खोटं लिहिलं होतं. हे लिहिताना तो माझ्यासमोर टेबलावर आहे. एका बाजूला वळणदार अक्षरांत 'कॉरिगन' कोरलंय, ते तू लहानपणापासून पाहिलंस. पेला फिरवला की मागे खरवडल्याचा एक डाग आहे. त्याबद्दल तू कधी विचारलं नाहीस आणि आम्ही सांगितलं नाही.

तिथे 'हॉलिस' होतं. तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव. मी जन्मले तेव्हा तिच्या वडिलांनी हा पेला पाठवला, मला हॉलिस म्हणायचं म्हणून. माझे वडील गोदीवरून आले, पेला हातात घेतला आणि म्हणाले, "माझ्या घरात एकच नाव चालेल." टोच्याने अक्षरं खरवडली. मग तोच पेला आईच्या तोंडावर मारला. कडेला जो पोचा आहे, तुझ्या दुधाच्या दातांचा म्हणून आपण हसायचो, तो तिच्या गालाच्या हाडाचा आहे. मी तेव्हा नऊ दिवसांची होते. आईने मला हे वाटाणे सोलता सोलता सांगितलं, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

पुढे आम्हालाही नाव शिकवलं गेलं. गोदीवरचा जाड पट्टा असायचा.

"तू कोणाची?"

"कॉरिगन."

"ऐकू नाही आलं."

एका फटक्याला एकदा. मी पहिल्याच फटक्याला ओरडून म्हणायचे. एमेट कधीच म्हणायचा नाही. तुझ्या बाबांचा पाय पेकनच्या झाडावरून पडून अधू झाला नव्हता, नोरीन. अकरा वर्षांचा होता. वडिलांनी नावेचं वल्हं घातलं गुडघ्यावर, आणि तरी त्याच्या तोंडून नाव निघालं नाही.

त्या काळच्या बायकांसारखी आई नवऱ्याला आडनावानेच हाक मारायची. "मिस्टर कॉरिगन, जेवण वाढलंय." "मिस्टर कॉरिगन, पोराला नका हो, पोराला नका." आवाज ऐकू आला की शेजारचे रेडिओ मोठा करायचे. म्हणून ते नाव कुणी मोठ्याने घेतलं की आजही माझे हात पोटाशी जातात.

आता ते सांगते, ज्यासाठी आठवडाभर लेखणी उचलवत नव्हती.

१९४९ साल. पेंटेकॉस्टचा रविवार. चर्चमध्ये मिस्सा करून आलो होतो. मी तेरा वर्षांची, एमेट सोळाचा. भात खाली लागला, एवढंच झालं होतं. वडिलांनी आईला केसांना धरून मागच्या ओसरीवर ओढत नेलं. तिथे कपडे धुवायचं यंत्र असायचं, वर पिळायचे दोन रूळ. त्यांनी तिचा उजवा हात त्या रुळांत घातला आणि दांडा फिरवला. बोटं मोडल्याचा आवाज मी आत चुलीपाशी ऐकला. ती किंचाळत होती, "मिस्टर कॉरिगन! मिस्टर कॉरिगन!" एमेट मध्ये पडला तर त्याला एका लाथेत भिंतीवर फेकला.

माझ्या हातात बिडाचा तवा होता, मक्याच्या पावासकट. मी बाहेर गेले आणि त्यांच्या कानामागे हाणला. दांडा सुटला. ते वळले. कानातून रक्त येत होतं आणि चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. आईचा हात सुटला होता. तिथे थांबता आलं असतं.

मी पुन्हा मारला. नऊ पायऱ्या आणि खाली विटा.

एमेट लंगडत आला, माझ्या हातातला तवा घेतला, नळाखाली धुतला आणि चुलीवर ठेवला. म्हणाला, "मार्सी, तू आत भाजी ढवळत होतीस. ऐकलंस? ते घसरले. कुणी म्हणालं मी ढकललं, तर म्हणू दे." शेरीफने पायरी ओली असल्याचं लिहून घेतलं. गावाने मात्र एमेटचं नाव धरलं. तुझ्या आईच्या माहेरच्यांनी त्याला दोनदा दारातून परत पाठवलं, ते याच पायी. मरेपर्यंत त्याने ऐकून घेतलं, आणि ख्रिसमसला माझ्या पानात सगळ्यात मोठा तुकडा वाढत राहिला. मी दर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत, पापनिवेदन करते. पहिला घाव सांगते. दुसरा सांगितला नाही कधी.

आता नावाबद्दल. हात न उगारणारा एकच कॉरिगन मी पाहिला, आणि तुला त्याचं नाव ठेवायचं आहे. त्याला नाही म्हणायचा मला काय अधिकार? ठेवलंस तर मीही त्याच नावाने हाक मारीन. हात पोटाशी गेले तर जाऊ देत, लेकरू कडेवर असेल तेव्हा कुणाला दिसणार आहेत. फक्त ते नाव घेऊन उजळ माथ्याने गावात जाशील तेव्हा हे पत्र बरोबर ने. ज्याला दाखवायचं त्याला दाखव. फादर रूनींना मीच सांगणार आहे, रविवारच्या आत.

एक अजून. वडील सकाळी सातला गोदीवर जायचे आणि पाचला यायचे. त्या मधल्या वेळात आई मला दुसऱ्याच नावाने हाक मारायची, हळू, भांड्यांच्या आवाजात लपवून. तिच्या माघारी ते नाव कुणी घेतलं नाही. मी ते मागत नाही. ते आहे, एवढं तुला माहीत असावं.

पेला याच टपालाने पाठवतेय. पोचा काढून घेतलेला नाही, डागही घासलेला नाही.

साठ वर्षांत पहिल्यांदा अशी सही करणारी तुझी आत्या,

हॉलिस