पश्चिम रस्ता आधी साफ केल्याबाबत खुलासा

मी, अर्मास एलियास किन्नुनेन, वय वर्षे एकाहत्तर, राहणार टॅमरॅक, मिशिगन, रस्तेखात्यातून निवृत्त, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे (डॉक्टरांनी काल तीन प्रश्न विचारून खात्री केली), कोणी दडपण आणलेले नाही, आणि आणणारे कोणी घरात उरलेलेही नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, पण खरेही पुरते नव्हते.

१. राहते घर, परसातील वाफारा घ्यायची खोली व बँकेतील शिल्लक पुतणी लेम्पी हिला द्यावी. स्वयंपाकघर तिने हवे तसे बदलावे. माझी दिवंगत पत्नी हिल्या हिलाही ते कधी आवडले नव्हते.

२. पाने, जॅक, साखळ्या व करवती रस्तेखात्याच्या गॅरेजला द्याव्यात. लेम्पीच्या नवऱ्याला देऊ नयेत. माणूस चांगला आहे, पण त्याने माझ्या कुऱ्हाडीने खिळे ठोकले आहेत.

३. साप्ताहिकाचे माजी संपादक श्री. ड्वायर यांना काहीही देऊ नये. फक्त पुढील कलमाची प्रत घरपोच करावी. १९५४ च्या निवडणुकीनंतर त्यांनी "बर्फगाडी विकली गेली" असा मथळा दिला होता. गाडी सरकारी होती, आणि मीही विकला गेलो नव्हतो.

४. घडले ते असे. राज्य विधानसभेच्या जागेसाठी माझा मित्र ओनी सार्केला व लाकूडगिरणीचा मालक बार्लो उभे होते. जायबंदी कामगारांना भरपाई मिळावी, एवढ्यासाठी ओनी उभा होता. मतदानाच्या आदल्या दिवशी कमरेइतका बर्फ पडला. बर्फ सारायची गाडी एक, चालवणारा मी एकटा, रस्ते दोन. पश्चिमेला बार्लोची माणसे, पूर्वेला ओनीची. पश्चिम रस्ता आधी, हा खात्याचाच नियम होता. मतदानाच्या दिवशी तो मी दुपारी दोनपर्यंत उरकला. त्याच्या टोकाला हिल्या या विधवा बाईंचे घर होते. सहा हिवाळे मी त्यांच्या अंगणात गाडी वळवत होतो आणि टोपीला हात लावण्यापलीकडे मजल गेली नव्हती. त्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "सहा वर्षं नुसती गाडीच वळवताय. आज कॉफी घेऊन जा."

मी आत गेलो. वेलदोडा घातलेला गोड पाव होता. चार कप झाले. बाहेर आलो तर अंधार पडलेला. पूर्वेचे सतरा मतदार पोचले तेव्हा केंद्राला कुलूप होते. ओनी नऊ मतांनी पडला. बार्लोने आभार म्हणून डुकराची एक भाजलेली तंगडी पाठवली. ती मी खाल्ली. चांगली होती.

गाडी बिघडली होती, असे मी गावाला सांगितले. जूनमध्ये आमचे लग्न झाले; माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून ओनीच उभा होता. हिल्याने तोंड उघडले नाही. मात्र दर निवडणुकीच्या दिवशी आमच्याकडे कॉफीऐवजी चहा होत असे.

५. पुढच्या निवडणुकीत ओनी तीनशे मतांनी निवडून आला. पण मधल्या काळात बार्लोच्या गिरणीत मॅटी रूना याचा हात गेला व त्याला काही मिळाले नाही. हे माझ्या मनातून गेलेले नाही. तळ्याकाठची वीस एकर झाडी मॅटीच्या मुलीला द्यावी. कारण विचारल्यास कलम चार वाचून दाखवावे.

६. होडी ओनीला द्यावी. हिल्या गेल्यावर, मागच्या एप्रिलात, वाफाऱ्याला बसलो असताना मी त्याला सगळे सांगितले. त्याने तापल्या दगडांवर पाणी ओतले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तुला शोधत मी स्कीवरून तिथपर्यंत आलो होतो. खिडकीतून पाहिलं. तू हसत होतास."

"मग दार का नाही वाजवलंस?"

"निवडणूक दोन वर्षांनी परत येणार होती. तुझं मात्र काही खरं नव्हतं."

होडी मिळणार असल्याने ओनीला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांचे म्हणणे. तो बाहेरच्या खोलीत बसून कुरकुरत आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे.
सही: अर्मास ए. किन्नुनेन

आमच्यासमोर सही केली, हात कापत नव्हता:
साक्षीदार १: वर्नर होल्मग्रेन, टपालवाला
साक्षीदार २: श्रीमती आयरिस टेबो, शेजारीण

स्थळ: टॅमरॅक
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८३