डोंगरातली काळी शीर

स्टाइनविका, १४ सप्टेंबर

प्रिय हालवार,

बर्गनमध्ये तुम्ही सगळे बरे असाल. मी बरी आहे, गुडघा सोडला तर. यंदा कॉड मासा छान सुकला. चार वर्षांनी पत्र लिहितेय, तेव्हा तू पाकीट उलटंसुलटं करून बघशील. मीही तेच केलं असतं.

जूनमध्ये खालची खोली दोघांनी भाड्याने घेतली. सिग्रुन ही ट्रोम्सो विद्यापीठातली दगडांची संशोधक आणि जार्ले तिचा जुना सहकारी. दुसऱ्याच दिवशी आपल्या डोंगरावर दगड कापायची करवत सुरू! मी धापा टाकत वर गेले.

"कुणाला विचारून?"

"तुमच्या भावाला," सिग्रुन म्हणाली. "फोनवर. त्यांनी तुम्हालाही कळवलं असेल ना?"

मी तशीच खाली उतरले. मनात म्हटलं, विकलास तू डोंगर.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दगड मांडले. करड्या दगडात बोटभर रुंद काळी शीर होती. ती म्हणाली, "जमिनीखाली पंचवीस-तीस किलोमीटरवर भूकंप झाला आणि हा दगड घासून क्षणात वितळला. इतका कोरडा होता की वाकलाच नाही, थेट तुटला. मग भेगांतून पाणी शिरलं आणि पुढे हजारो वर्षं तोच दगड कणकेसारखा मळला गेला. हे पट्टे बघा."

"आणि यात सोनं किती?"

"कणभरसुद्धा नाही, ओड्नी." ती हसली.

जार्ले म्हणाला, "असतं तर हिने मला नवे बूट तरी घेऊन दिले असते."

दोघं हसले, तसा माझा संशय पक्का झाला. खाणवाल्यांची माणसं अशीच गोड बोलतात.

शेवटच्या आठवड्यात ते दोघं बेटापलीकडे गेले होते. दगडांच्या पिशव्या खोलीत होत्या. प्रत्येक दगड कुठला, कुठल्या दिशेला तोंड करून होता, हे चिठ्ठीवर लिहिलेलं. मी बावीस पिशव्यांमधल्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. डोंगराची किंमतच ठरू देणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

ऑगस्टमध्ये सिग्रुनचा फोन आला. कशाचाच मेळ बसत नव्हता. चिठ्ठ्या लावायचं काम जार्लेचं होतं. "तो शपथेवर सांगतोय की त्याने नीट लावल्या. खरं सांगा, तो तिथे पीत होता का?"

हालवार, मी नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "एक-दोनदा पाहिलं होतं खरं."

मी काहीही पाहिलं नव्हतं. तिने त्याला कामावरून काढलं.

तुझी पत्रं मी चार वर्षं डब्यात ठेवत होते, न फोडता. गेल्या सोमवारी एप्रिलचं फोडलं. "विद्यापीठाच्या बाईंना हो म्हटलंय, पण अर्धा डोंगर तुझा आहे. तुला नको असेल तर कळव, मी नाही म्हणून सांगतो. पैशांचा संबंध नाही." तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही त्यात काही लपलंय का ते शोधत होते.

बुधवारी ट्रोम्सोला गेले आणि सिग्रुनसमोर उभी राहून सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "तो याच दारात उभा राहून सांगत होता. मी मान वर करून पाहिलंही नाही."

तिने जार्लेला फोन लावून माझ्या हातात दिला. तो आता मत्स्यशेतीवर काम करतो. मी सांगितलं, माफी मागितली. मग तो म्हणाला, "ओड्नी, मला दारू सोडून सहा वर्षं झाली. सिग्रुनला माझं आधीचं पिणं माहीत होतं. म्हणूनच तिला ते खरं वाटलं."

तो परत येणार नाही म्हणतो. मी विद्यापीठाला सही करून सगळं लिहून दिलंय. सिग्रुन मेमध्ये पुन्हा दगड कापायला येईल. एकटी.

तू विचारशील, "आता तरी तुझा माझ्यावर विश्वास आहे का?" खरं सांगू? अर्धा आहे. उरलेल्यासाठी तुला इथे यावं लागेल, माझ्यासमोर बसावं लागेल.

तुझी बहीण, जिच्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवू नये अशी,
ओड्नी