गेल्तो आणि गेलो होतो

४ ऑगस्ट २००३, सोम.
आज वडीगोद्रीच्या शाळेत परत रुजू झाले. मुलं गप्प बसली होती. कुणीतरी सांगून ठेवलं असावं. हे जाऊन तेवीस दिवस. कावीळ. आठ दिवसांत सगळं संपलं.
घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात. जेवल्या नव्हत्या.

७ ऑगस्ट, गुरु.
शहागडचं ह्यांचं कॅसेटचं दुकान उघडलं. एक सरदारजी ड्रायव्हर डोकावला. "भैया किधर?" सांगितलं. बराच वेळ बाकावर बसून राहिला.
रॅपचं वेड ह्यांना ट्रकवाल्यांनीच लावलं. आधी अमेरिकेची कॅसेट, कळायचं काही नाही. मग पंजाबी, मग मद्रासकडची. म्हणायचे, "ज्यानं त्यानं आपल्या बोलीत आणलं. मंग आपलंच का न्हाई?" कप्प्यांवर प्रांतांची नावं लिहिलीत. एकावर 'आपलं'. त्यात एकच कॅसेट, ह्यांनी स्वतः भरलेली.

१० ऑगस्ट, रवि.
अल्ताफभाऊ आले. ह्यांचे जालन्याचे मित्र, कॉम्प्युटरवर ठेका बसवतात. मराठवाड्यातल्या पोरांच्या रॅपची कॅसेट काढताहेत. ह्यांचं गाणं घ्यायचंय.
कॅसेट लावली. आवाज सुरू झाला आणि मी पाणी आणायला आत गेले.
"भाभी, राग नका मानू. ह्ये त्याचं न्हाई. दुकानात म्हणायचा तवा बिलकुल येगळं होतं. 'शाळंत गेल्तो, शिकलो न्हाई, टरक मोजले, इकलो न्हाई.' ह्यात 'गेलो होतो' कुठून आलं?"
बोटांवर मोजून दाखवलं. 'गेल्तो' दोन ठोक्यांत बराबर बसतं. 'गेलो होतो'ला चार लागतात, तोवर ठेका पुढं निघून जातो.


११ ऑगस्ट.
ह्यांची वही काढली. लाल शाई माझी. मुलांच्या वह्या तपासता तपासता हीसुद्धा तपासली होती, पानोपानी. 'गेल्तो' खोडून 'गेलो होतो', 'न्हाई' खोडून 'नाही'. हे हसत होते. "बाई, किती मार्क?" दहापैकी चार, म्हटलं.
मग ह्यांनी सगळं सुधारून, पाठ करून ती कॅसेट भरली. मला ऐकवली तेव्हा म्हणाले, "आता तरी पास?" मी पेपर तपासत होते. नुसती मान डोलावली.

१४ ऑगस्ट, गुरु.
अ.भाऊंना फोनवर लाल शाईचं सांगितलं.  ते म्हणाले, वहीतलं मूळचं मीच म्हणतो. म्हणजे शब्द ह्यांचे, आवाज दुसऱ्याचा. कॅसेट दिली तर आवाज ह्यांचा, शब्द माझे. रविवारी काय ते सांगायचं.
सासूबाईंना विचारलं. "बोली घाल चुलीत. मला माझ्या लेकराचा आवाज पायजे." शाईचं त्यांना माहीत नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
अ.भाऊ सकाळीच आले. सासूबाई म्हणाल्या, आधी मला ऐकव. लावली. आज पहिल्यांदाच मीही बसून शेवटपर्यंत ऐकली.
प्रत्येक 'नाही'च्या आधी हे किंचित थांबतात. चुकू नये म्हणून.
"हितं काहून अडकला गं? बोलताना तर कधी अडकत नव्हता."
अ.भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली. बटण बंद केलं.
चहा ठेवते म्हणून आत आले आणि हे लिहीत बसलेय. पाणी उकळून गेलं. बाहेरून सासूबाईंनी परत विचारलं, "सांग की, काहून?"