सही मिळणार नाही

धार, शुक्रवार

प्रिय दिगंबरराव,

पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून 'प्रिय'. त्यात आणखी काही शोधू नका. चौतीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. पण परवा एकाच दिवशी दोन कागद माझ्या हातात आले. एक, आपल्या किमयाजवळ तुम्ही दिलेला फॉर्म. फियाट तुमच्या नावावर करायची तर माझी सही लागते. दुसरं, देवासच्या एका पेपरातलं कात्रण. बॉनेटवर हात ठेवून तुम्ही उभे आहात आणि खाली हिंदीत छापलंय की सेवानिवृत्त अधिकारी स्वर्गीय पत्नीची आठवण म्हणून शेडमध्ये पडून राहिलेली गाडी पुन्हा उभी करताहेत. पेपरात मला मारून मोकळे झालात आणि वर माझीच सही मागता?

कात्रण किमयाने नाही दाखवलं, पोरीची हिंमत झाली नसावी. तुमच्या मेकॅनिकने, अर्पितने पाठवलं. माझ्या आबांनी वायरिंग आपल्या पद्धतीने बदललेलं, ते त्याला उलगडेना, म्हणून त्याने किमयाकडून माझा नंबर घेतला. मी फोनवर एकेक वायर सांगत गेले. शेवटी तो अडखळत म्हणाला, "आंटीजी, अंकल तो बोले थे आप रही नहीं." मी म्हटलं, "भिया, मैं धार में हूँ. तू पहले स्टार्टर का तार देख." त्याच संध्याकाळी गाडी सुरू झाली. तुमच्या लायन्स क्लबातल्या मित्रांना हे सांगितलंत का?

तुम्हाला गाडी चालवता येत नाही, हेही पेपरात नाही. आबा धार दरबारच्या मोटारखान्यात मेस्त्री होते. मोडीत निघालेली ती अठ्ठावनची फियाट त्यांनी दोन वर्षं खपून उभी केली, मला चालवायला शिकवली आणि लग्नात माझ्या नावावर दिली. तुमच्या आईला वाटलं, लेकाला मोटार मिळाली. तुम्हीही शिकायला बसलात. मोहनखेड्याच्या रस्त्यावर तिसऱ्याच दिवशी उभ्या बैलगाडीला ठोकर दिलीत आणि आबांना म्हणालात, गाडीतच खोट आहे. त्यांनी हातोडी घेऊन बंपर सरळ केला. जावई होतात ना.

मग मीच चालवायची. सकाळी तुम्हाला देवासच्या कारखान्याच्या गेटवर सोडायचं, मग किमयाला बालवाडीत. खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडायचे. मांडीवर डबा धरून तुम्ही शेजारी बसायचात, थंडीत काच आतून पुसून द्यायचात. सवाष्णपणाची माझी जी काही शिल्लक आहे ती तेवढीच. पुढे एकदा गेटवर कुणीतरी म्हणालं, "क्या भिया, ड्रायवरनी रख ली?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. घरी येऊन मात्र माझ्या हातातून किल्ली घेतलीत आणि शेडला कुलूप घातलंत. मी दोन महिने विनवलं, मग सोडून दिलं. ती माझी चूक.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये दुपारी दोन वाजता शेजारच्यांकडे धारहून फोन आला की आबांच्या छातीत कळ आली आहे. किमयाला कडेवर घेऊन मी गेटवर धावत आले. तुम्ही बाहेर आलात. मी किल्ली मागितली. गाडीने अडीच तासांत पोचले असते. चार माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "बसने जा. इथे तमाशा नको." मी बसने गेले. इंदूरला सरवट्याच्या स्टँडवर उतरले, टेम्पोने गंगवालचा स्टँड गाठला, तिथे धारची बस भरेपर्यंत पाऊण तास गेला. पोचले तेव्हा आबांना अंगणात निजवलं होतं. आई म्हणाली, साडेपाचपर्यंत दाराकडे बघत होते. फियाटचा आवाज त्यांना लांबून ओळखू यायचा.

तेरावा झाला आणि मी परतले नाही. तुम्ही न्यायलाही आला नाहीत. पुढे मी धारमध्ये बायकांना गाडी शिकवली, सव्वीस वर्षं. डही गावच्या शिक्षिका, इथल्या नर्सबाया, कितीतरी. माझी फियाट तुम्ही उंदरांना दिलीत, मला दिली नाहीत. गाडीसाठी मी दोनदा निरोप पाठवला होता. आठवतो?

आता कामाचं. फॉर्म कोराच परत करते आहे. रविवारी इंदूरला जुन्या गाड्यांच्या रॅलीत भाड्याचा ड्रायव्हर बसवून मागच्या सीटवरून हात हलवायचा तुमचा बेत आहे, तो मोडला असं समजा. हे पत्र टपालाने आलेलं नाही. किमया समोर उभी आहे, वाचून झालं की किल्ली तिच्याकडे द्या. गाडीचे कागद माझ्या पिशवीत आहेत आणि मी तुमच्या फाटकाबाहेर आहे. चहाला येणार नाही, बोलायलाही नाही. अंगणात येईन ती गाडीपर्यंतच. तुम्हाला बघायचं असेल तर खुशाल बाहेर या. फक्त फाटकात मधोमध उभे राहू नका, मला रिव्हर्स घ्यायची आहे.

तुमची कुणीही नसलेली,
कल्पना