भित्रा या शब्दाची चौकशी

३ तारीख, सोमवार
आज मालकांच्या भाचीने मला भित्रा म्हटलं. कारण क्षुल्लक. आमच्या साइनबोर्डच्या दुकानात मी अक्षरं रंगवतो, फिटर शिडीवर चढून बोर्ड लावतो, आणि मी खाली शिडी धरतो. कामाची वाटणी आहे, यात भीती कुठे आली? ती म्हणाली, “तुम्ही शिडी धरता, की शिडी तुम्हाला धरते?” फिटर वर बसून हसला. त्याला हसायला काय जातंय.
नोंद : तिच्याशी लग्न करायचं माझं ठरलं आहे. तिला सांगायचं तेवढं राहिलंय. मजकूर तयार. चार वाक्यं, शुद्धलेखन दोनदा तपासलं.

४ तारीख, मंगळवार, दुपारी १.१५
मालकांचा शब्दकोश मागून घेतला. अपमान झालाच आहे, तर नेमका किती झाला ते कळायला हवं. भित्रा, भेकड, भ्याड. माझ्या मते यात पायऱ्या आहेत. भ्याड पळून जातो. भित्रा घाबरतो, पण जागेवर उभा राहतो. मी उभा होतो.
ती फिटरला ‘अरे’ म्हणते, मला ‘अहो’. मान कुणाला आहे ते उघड आहे. तरी ‘अरे’ म्हणताना तिला एवढं हसू का येतं, यावर लक्ष ठेवायचं.

६ तारीख, गुरुवार
मूळ सापडलं. संस्कृत धातू ‘भी’. भीती, भीरू, भित्रा आणि भीषण, सगळे एकाच घरातले. म्हणजे जो घाबरतो तो आणि ज्याला लोक घाबरतात तो, दोघे चुलत भाऊ. हे तिला सांगायला गेलो. ती फिटरच्या अंगठ्याला पट्टी बांधत होती. एवढासा ओरखडा. सगळं ऐकून “अस्सं” म्हणाली, आणि बांधलेली पट्टी सोडून पुन्हा बांधली. सैल झाली म्हणे. मला या वर्षी तीनदा पत्र्याने कापलं. मी रंगाचं फडकं गुंडाळून कामाला लागलो होतो. कुणी विचारलंसुद्धा नाही.

७ तारीख, शुक्रवार
निश्चय : शिडीची रोज एक पायरी. आज पहिली. चार मिनिटं उभा राहिलो. दुसरी निसरडी आहे, तेल लागलं असावं. मालकांना कळवलं. ते म्हणाले, तेल नाही, तुझ्या हाताचा घाम आहे. मालकांना बारकाव्यांत रस नाही.

८ तारीख, शनिवार
दातांच्या दवाखान्याच्या बोर्डावर फोन नंबरचा शेवटचा आकडा चुकला, तिथे नऊ हवा. चूक डॉक्टरांची, त्यांनीच तसा लिहून दिला. बोर्ड आता वर लागला आहे, म्हणजे आकडा शिडीवर चढूनच रंगवायचा. फिटर म्हणाला, द्या ब्रश, मी करतो. त्याचा नऊ फुगलेल्या गालासारखा येतो. पण भाची म्हणाली, “करेल तो, त्याला सगळं जमतं.”
मी म्हणालो, मीच चढणार. म्हणून गेलो खरा.

१० तारीख, सोमवार, सकाळी ७.४०
वारा नाही. पाऊस नाही. ताप नाही, दोनदा बघितला. कुठलंच कारण मिळालं नाही.
बेत : चढणे, आकडा रंगवणे, उतरणे, आणि तिच्या नजरेतलं कौतुक ताजं आहे तोवर चार वाक्यं बोलून टाकणे.

१० तारीख, सोमवार, संध्याकाळी ६
चढलो. अकरा पायऱ्या. नऊ सुरेख आला.
मग खाली बघितलं. फिटरने शिडी एका हाताने धरली होती. दुसरा हात तिच्या हातात होता. वरून सगळं स्वच्छ दिसतं, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.
ब्रश पडला. मी शिडीला मिठी मारली आणि उतरायचं राहून गेलं. शेवटी फिटर वर आला. माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत त्याने मला उतरवलं. चाळीस मिनिटं लागली. एकदाही चिडला नाही. त्याचा सर्वांत जास्त राग याचाच आला.
ती खाली शिडी धरून उभी होती. मला धीर देत होती. म्हणाली, “दादा, खाली बघू नका. आलंच आता.”
आजवर मला नुसतं ‘अहो’ म्हणायची. या नव्या शब्दाचा अर्थ मला कुठे शोधावा लागला नाही.