हाफटाइमला उठलेले दोघे

४ मार्च

जे झालं ते एकदा क्रमाने लिहून ठेवते.

१. नोव्हेंबर. भारताची फुटबॉल मॅच. संध्याकाळी आमच्या पवनीत लाइट गेली.
२. दादा आणि त्याचा मित्र विलास मोटरसायकलने अड्याळला गेले. विलासच्या बहिणीकडे टीव्ही चालू होता.
३. हाफटाइमला आपण तीन गोलांनी मागे.
४. हाफटाइमलाच दोघे उठले आणि पवनीकडे निघाले.
५. रस्त्यात धानाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नव्हता. गाडी विलास चालवत होता.
६. विलासचा पाय मोडला. दादा गेला.
७. क्र. ४ चं कारण कोणी सांगितलेलं नाही.

बाकी सगळं समजतं. ट्रॉली समजते, अंधार समजतो. क्र. ४ समजत नाही. शिट्टी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम दादानेच केलेला. कितीही गोल खाल्ले तरी. जो मधेच उठेल त्याने पुढची मॅच सगळ्यांबरोबर आत नाही, हेमराजभाऊंच्या दुकानाच्या बाहेर बसून बघायची.

दादा कधीच उठला नव्हता.

६ मार्च

भंडाऱ्यातली खोली सोडली. आता रोज पवनीहून जाऊन-येऊन. काम तेच, साड्यांच्या काठांचे ग्राफ. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकट चुकली तर मोराची मान मोडते, म्हणून चुकत नाही.

अपघाताची जागा अड्याळच्या अलीकडे आहे, जाताना उजव्या हाताला. जाताना मी डावीकडची खिडकी घेते. येताना उजवीकडची.

आईने विचारलं, "गर्दी होती काय?" म्हटलं, नव्हती. एवढंच बोलणं.

८ मार्च

या महिन्यात जपानशी मॅच. हेमराजभाऊंच्या सायकल दुकानात वाद सुरू झाले आहेत. दादाची सगळी मंडळी तिथेच बसते. संध्याकाळी एसटीतून उतरले की दुकानावरूनच घरी यावं लागतं. आज चेनला तेल घालायचं म्हणून सायकल घेऊन गेले. तेल घरीही होतं.

मोरेश्वरकाका (आमच्याच गल्लीत माग आहे त्यांचा, बाबा गेल्यावर दादाला विणायला त्यांनीच शिकवलं): "पाच. पाच गोल देतात का नाही पाहा. अन् वरून वाकून नमस्कार करून जातात ते जपानवाले."

हेमराजभाऊ: "काका, तुम्ही कोण्या देशाचे होय? आधार कार्ड दाखवा बरं."

"मी खऱ्याच्या बाजूचा होय."

"दहाच्या दहा पोरं मागं उभे करायचे. गोलासमोर बसच लावून टाकायची. कुठून मारन मग जपान?"

"मंग पवनी-भंडारा लाव. ते जागची हालतच नाही."

सगळे हसले. मीही हसले असते. बाहेरच्या पायरीवर विलास बसला होता, काठी शेजारी. त्याला आत बस म्हणून कोणी म्हणत नाही. बाहेर बस असंही कोणी सांगितलेलं नव्हतं. तो आपणहून नियम पाळतो आहे.

हसणं थांबल्यावर तो बाहेरूनच म्हणाला, "एक-शून्य. आपण."

हे वाक्य दादाचं आहे. प्रत्येक मॅचच्या आधीचं. विलास तर नेहमी म्हणायचा की आपण हरतो, आणि दादा त्याला दंड म्हणून चहा पाजायला लावायचा.

मो.काका: "तू सांगतं? अर्ध्यातून उठणारा?"

वि. ने काठी या हातातून त्या हातात घेतली.

९ मार्च

काल एक लिहायचं राहिलं. दुकानात तो पट्टा अजून टांगलेला आहे.

साडी मागावरून उतरली की ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, हातभर टोक उरतं. सगळे ते कापून टाकतात. दादा मॅचच्या दिवशी सकाळी त्यावर रंगीत सुताने मॅचचा निकाल विणायचा. मॅचच्या आधी. "भारत १ – ०". शिट्टी वाजली की तुकडा कापायचा, हेमराजभाऊंची बायको तो आधीच्या पट्ट्याला जोडून शिवायची. खरा निकाल काय लागला याच्याशी पट्ट्याचा संबंध नाही. त्या पट्ट्यावर भारत एकदाही हरलेला नाही.

मी एकदा म्हटलं होतं, हे खोटं आहे. दादा म्हणाला, "खोटं नाही बे. आधी विणलं आहे. आधी खोटं कसं राहीन?"

नोव्हेंबरचा तुकडा अजून घरच्या मागावर आहे. कापलेला नाही. वर चादर टाकली आहे.

१२ मार्च

होळी. दादा गेल्यानंतरची पहिलीच, म्हणून गल्लीतले लोक येऊन कपाळाला गुलाल लावून गेले. आई भिंतीला टेकून बसली होती.

विलास आला, पण दाराबाहेर उभा राहिला. काकूंनी (मो.काकांच्या) तोंड फिरवलं. आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यानंच उठवलं त्याले. याले कधी भरोसाच नोयता टीमवर. दोघं बसून राहते तर पोरगा जिता राहता."

सगळ्या गल्लीचं हेच म्हणणं आहे. मी अजून माझं काही ठरवलेलं नाही.

आई उठली. चार महिन्यांत ती कोणासाठी उठलेली मी पाहिली नव्हती. दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "ये ना रे बाबू. बाहेर काहून उभा आहेस?" स्वतः त्याच्या कपाळाला गुलाल लावला. वि. खाली बघत होता. आईही त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

ज्याला लोक मुलाच्या मृत्यूला जबाबदार धरतात, त्याच्याशी आई अशी वागते? मोठं मन, असं काकू नंतर म्हणाल्या.

मला ते मोठं मन वाटलं नाही. वेगळंच काहीतरी वाटलं. काय ते लिहिता येत नाही.

१४ मार्च

हेमराजभाऊंनी थांबवलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, आपला चान्स आहे का नाही?"

म्हटलं, "कमी आहे. शून्य नाही."

भाऊ काकांकडे वळले. "ऐकलं? शून्य नाही!"

काका: "अरे, कमी आहे हेही म्हणाली ते पोरगी. तुले अर्धंच ऐकू येते काय?"

पुढे अर्धा तास त्यावरच. शून्य नाही म्हणजे किती. पाऊस पडला तर. त्यांचा मुख्य खेळाडू जखमी झाला तर. पंच आपल्या बाजूने झाला तर. काका म्हणाले, एवढे "तर" लागत असतील तर त्यापेक्षा जपानला कळवून टाकावं की येऊ नका.

निघताना वि. ने पायरीवरून हाक मारली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

"ताई. मागावर ताणा उरला आहे का?"

"बघितलं नाही."

"उरला असन तर जपानची ओळ विणून देशील? मले नाही जमत ते. तुले ग्राफ काढता येते."

मी विचारायला हवं होतं, तेव्हाच. तुम्ही का उठलात. तोंडाशी आलं होतं. "बघते" म्हणाले आणि सायकल ढकलत आले.

१५ मार्च

चादर काढली. उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे, धागे शाबूत. तुकड्यावर "भारत १ – ०", हिरवं आणि भगवं सूत. शून्य जरा लांबट झालंय. दादाचं शून्य नेहमीच लांबट.

त्याच्या पुढे ताणा चार बोटं शिल्लक. एक ओळ बसेल. पण इतक्या टोकाला धाग्यांमधली फट नीट उघडत नाही, आडवा धागा नेणारा धोटा जाणार नाही. सुईने एकेक धागा उचलून विणावं लागेल.

आई दारात येऊन उभी राहिली. "कापतेस?"

"नाही. एक ओळ विणायची आहे."

"शिट्टी वाजल्याशिवाय कापायचं नसते म्हणे," असं म्हणून आत गेली. आईला नियम माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

१७ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

संध्याकाळी मी आईला घेऊन दुकानावरून येत होते. दवाखान्यात बीपी दाखवलं होतं. आई थकली म्हणून हे.भाऊंनी आत खुर्ची दिली. टीव्हीवर कुठलीतरी जुनी मॅच लागली होती. लाइट गेली. काका म्हणाले, जपानच्या मॅचलाही अशीच जाईल, बरंच होईल, बघायला नको. थोड्या वेळाने लाइट आली. समोरच्या घरातून एक बाई ओरडली, "आली वो, लाइट आली!"

आईच्या हातातून पाण्याचा पेला पडला. स्टीलचा, म्हणून फुटला नाही. ती उठून एकटीच घराकडे चालू लागली.

हे.भाऊ पाणी पुसता पुसता म्हणाले, "त्या दिवशी पण अशीच आली होती ना लाइट. सेकंड हाफ आम्ही इथंच पाह्यली."

मी विचारलं, "दादाला कोणी कळवलं होतं? लाइट आली म्हणून?"

"आम्ही नाही. आम्हाले वाटलं, तिकडं पाहून राह्यला असन."

पायरीवर वि. बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ मार्च

पूर्वी लाइट आली की गल्लीत पहिली ओरडणारी आईच असायची. चार महिने ती ओरडत नाही. मी ते शोकात धरलं होतं.

आईचा फोन उशाशी असतो. बघता आला असता. बघितला नाही. तिच्या पाठीमागे तिचा फोन चाळणं मला जमणार नाही. दादाच्या फोनचा तर त्याच दिवशी चुराडा झाला.

मी काय समजते आहे ते इथे लिहिते. दादा निघताना आईला म्हणाला असेल, लाइट आली की सांगजो, म्हणजे उरलेली मॅच सगळ्यांबरोबर बघू. हे त्याचंच वाक्य वाटतं. त्याला मॅच एकट्याने बघता यायची नाही. लाइट आली. आईने सांगितल्याप्रमाणे फोन केला.

इतकंच. यात चूक कुठेच नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता, ती एक सोडून.

म्हणजे तो मॅच सोडून उठलाच नव्हता. दुसऱ्या हाफला पोचायला निघाला होता.

हे खरं असेल तर वि. चार महिने पायरीवर कशासाठी बसला आहे, तेही समजतं. आईचं नाव निघू नये म्हणून.

पण हे मी लावलेलं आहे. कोणी सांगितलेलं नाही.

२० मार्च

दुकानात आज आवाज चढले. काका म्हणाले, अशी टीम पाठवण्यापेक्षा न खेळलेलं बरं. हे.भाऊ खरंच चिडले. "हरणार म्हणून खेळूच नाही काय? मंग तुम्ही माग काहून चालवता? पॉवरलूम समोर तुमचा चान्स किती आहे, सांगा?"

काका हळू म्हणाले, "तेच म्हणून राह्यलो ना बाप्पा."



उठताना काकांनी मला सांगितलं, मॅच झाली की मागावरचं ते उतरव, मी नवा ताणा लावून देतो, तुझ्या आईचे हात कामात राहिले पाहिजेत. चांगलं सांगत होते. मग पायरीवरून उतरताना वि. च्या काठीला पाय लागला, तर तिच्याकडे बघून म्हणाले, "लंगडा झाला तरी रस्त्यातच बसते."

वि. ने काठी जवळ ओढून घेतली.

२२ मार्च

सुईने विणायला बसले. "भारत" झालं. चार बोटांत तीन अक्षरं, प्रत्येक धागा मोजून. अक्षरं दादापेक्षा सरळ आली आहेत. त्यामुळे शेजारी बरी दिसत नाहीत.

आकड्यांशी थांबले. ग्राफ तयार आहे, एक आणि शून्य. सुई पुढे जाईना. मला माहीत आहे की चान्स किती आहे.

आई मागे येऊन बसली. म्हणाली, "विलासले एक दिवस जेवायले बोलावू." मी म्हटलं, बोलावू. तिला अजून काही बोलायचं होतं. मी सुईकडे बघत राहिले, म्हणजे तिला सोपं जाईल. पण ती उठून गेली.

विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण "हो, मीच फोन केला" हे माझ्या प्रश्नामुळे तिच्या तोंडून निघायला नको. निघायचं तर आपणहून निघू दे. तोपर्यंत ती एकटी नाही एवढं तरी मला करता यायला हवं, आणि त्यासाठी आधी मला नक्की कळायला हवं.

२३ मार्च

वि. ला पाठवलेला मेसेज. इथे उतरवून ठेवते.

"विलास,
ताणा चार बोटं होता. भारत विणून झालं, आकडे बाकी आहेत. ते तू सांगशील तेच विणीन. मी माझं मत देणार नाही.
एक विचारायचं आहे. त्या दिवशी हाफटाइमला दादाला फोन आला होता का, आणि तो घरून होता का. हो किंवा नाही, एवढंच लिही. जास्त लिहू नको. घरी येऊन सांगू नको, आईसमोर तर नकोच. दुकानातही कोणाला नको.
उत्तर हो असेल तर गुरुवारी मॅचला मी तुझ्याबरोबर बाहेर पायरीवर बसेन. का, ते कोणाला सांगणार नाही. नाही असेल तरीही मला कळायला हवं.
बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव."